लाकडावरची वीज आणि आमची चार ओळींची बातमी

गेल्या रविवारी रात्री गल्लीतल्या एका पोरानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील पाठवली. खाली लिहिलं होतं, "काका, हे करलालोय. भंगारात जुना ओव्हन मिळालाय. झालं की मस्त बातमी लावा."

रील उघडली. गुळगुळीत घासलेली लाकडी फळी. दोन टोकांकडून जळत्या रेषा सरपटत निघतात, त्यांना फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी फांद्या, आणि मधे येऊन त्या एकमेकींना भेटतात. झाडाच्या मुळ्यांसारखी नक्षी. मागं बासरी. अर्ध्या मिनिटात खेळ खलास.

मला घाम फुटला. कारण ही रील माझ्या ओळखीची होती. दोन महिन्यांपूर्वी मीच ती या पेजवर टाकली होती. वर लिहिलं होतं, 'निसर्गाची नक्षी, माणसाचा हात.' तुमच्यापैकी पुष्कळांनी तिला बदाम दिले होते. त्या पोरानंही दिला होता.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. आधीच सांगतो, हे यंत्र कसं जोडतात ते मी इथं लिहिणार नाही. कॉमेंटमध्ये कुणी लिहिलं तर कॉमेंट उडवीन, मग ती माझ्या सख्ख्या मेहुण्याची असली तरी.

या प्रकाराला फ्रॅक्टल वुड बर्निंग म्हणतात. त्या नक्षीला म्हणतात लिश्टेनबर्ग आकृती. गेऑर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग हे जर्मनीतल्या गॉटिंगेनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १७७७ च्या सुमारास त्यांना विद्युतभार दिलेल्या पृष्ठभागावर धूळ अशी फांद्याफांद्यांनी चिकटलेली दिसली. पुढं १९३८ मध्ये अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी विद्युतभारावर भुकटी चिकटवूनच पहिली कोरडी छायाप्रत काढली. म्हणजे कोर्टाबाहेरचं आपलं झेरॉक्सचं दुकान याच घराण्यातलं. अंगावर वीज पडून वाचलेल्या माणसाच्या कातडीवरही कधी कधी हीच नक्षी लालसर उमटते. विज्ञान म्हणून यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ते एवढंच, की घरी हे करणारे बहुतेक जण त्यासाठी लागणारी वीज जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरमधून घेतात.

सोमवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील सुतार आहेत, गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान आहे. पोरगं आयटीआय झालेलं, हुशार, हाताला कला आहे. मागच्या खोलीत ओव्हन ठेवलेला होता, वर गोणपाट टाकून.

"काय करलालास बे हे?" मी विचारलं.

"काका, काय होत नाही. मी काळजी घेणार आहे की."

आणि त्यानं एकेक मुद्दा मांडला. पोरगं मूर्ख नाही. त्याचे मुद्दे तुमच्या-माझ्या डोक्यातलेच आहेत, म्हणून ते इथं मांडतो.

पहिला मुद्दा : "काका, शॉक मला नवीन आहे का? मामाच्या लूमवर किती वेळा बसलाय. गाडीच्या प्लगचा झटका तर रोजचाच."

सोलापुरात शॉक खाल्लेला माणूस शोधावा लागत नाही. लूमवाला, वायरमन, कूलरवाला, मंडपवाला, सगळ्यांकडं एक तरी किस्सा असतो आणि तो हसत सांगितला जातो. 'झटका दिला आन् फेकलं बाजूला.' ज्यांना फेकलं नाही ते किस्सा सांगायला उरलेले नाहीत, हे आपण विसरतो.

आता आकडे बघू. घरातला सॉकेट २३० व्होल्टचा. तेवढ्यानंही माणूस मरतो, रोज मरतो. गाडीच्या प्लगला हजारो व्होल्ट असतात, पण ते क्षणभर, आणि त्यामागची ताकद अगदी थोडी, म्हणून झटका बसून हात मागं येतो. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही एकत्र येतात. तो घरातल्या २३० व्होल्टचे साधारण २,००० व्होल्ट करतो आणि मागं अख्ख्या ओव्हनची ताकद उभी करतो. अँपिअरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मिलीअँपिअरचा प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या कितीतरी पट देतो. कोरडी कातडी २३० व्होल्टला थोडाफार अडसर करते. २,००० व्होल्टपुढं कातडीचं काही चालत नाही.

आणि फेकलं जाण्याच्या भरवशावर तर राहूच नका. आपल्या विजेच्या प्रवाहानं स्नायू आवळले जातात. हातात धातू असेल तर मूठ उघडत नाही, घट्ट होते. ओरडावं म्हटलं तर आवाजही फुटत नाही.

दुसरा मुद्दा : "एमसीबी आहे, ईएलसीबी पण बसवलीय. काही झालं तर ट्रिप होईल."

मला सगळ्यात जास्त भीती याच मुद्द्याची वाटली, कारण हा शिकलेल्या पोराचा मुद्दा आहे. एमसीबी वायरिंग वाचवायला असते. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह ओढला गेला तर पडते. माणूस मरतो अँपिअरच्या दहाव्या भागावर. तेवढं तिच्या खिजगणतीतही नाही. ईएलसीबी मात्र माणसासाठी असते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ती हिशेब ठेवते आणि साधारण ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की वीज तोडते. घरात ती हवीच, आजच बसवा. पण ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेगवेगळी वेटोळी असतात. तुम्हाला शॉक बसतो तो दुसऱ्या वेटोळ्याचा. तिथून निघालेली वीज तुमच्या अंगातून जाऊन त्याच वेटोळ्यात परत येते. भिंतीवरच्या ईएलसीबीच्या हिशेबात काहीच फरक पडत नाही. तिच्या लेखी एक यंत्र चालू आहे, बस्स. तुम्ही जळत असता आणि ती शांत असते.

तिसरा मुद्दा : "रबरी हातमोजे घालणार, चप्पल घालणार."

भांडी घासायचे किंवा बागकामाचे हातमोजे यासाठी नसतात. जास्त दाबाच्या विजेवर काम करणाऱ्यांचे मोजे वेगळे असतात. ते किती व्होल्टपर्यंत चालतील हे त्यांच्यावर लिहिलेलं असतं, ठराविक काळानं त्यांची तपासणी होते, आणि बारीक भोक पडलं तरी ते बाद होतात. चपलेचं म्हणाल तर या खेळात लाकूड ओलं करतात, आणि साध्या पाण्यानं नाही, वीज चांगली वाहील अशा पाण्यानं. ते पाणी टेबलावर सांडतं, फरशीवर सांडतं, हाताला लागतं. म्हणजे वीज कुठून कुठं जाईल हे तुमच्या हातातच राहत नाही. नक्षी सुंदर दिसते ती याचमुळं, की वीज आपला रस्ता आपणच शोधते. तिला तुमच्या अंगातून रस्ता सोपा वाटला तर ती तिकडून जाते.

याच्याही आधीची गोष्ट म्हणजे ओव्हन उघडणं. त्यात एक कपॅसिटर असतो. प्लग काढून ठेवल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. ओव्हन दुरुस्त करणारे जाणकार आधी ते बघतात. यूट्यूब बघून स्क्रू काढणारा पोरगा ते बघेलच असं नाही.

त्याचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड वाटावा असा होता. "काका, मग हे सगळे व्हिडिओवाले मेले का?"

नाही. बहुतेक जण जिवंत आहेत. दहादा करून दहादा सुखरूप राहिलेलेही असतील. घात तिथंच आहे. वडिलांच्या करवतीकडं बघ म्हटलं. करवत आवाज करते, दात दाखवते, कधी बोटाला ओरखडा काढते आणि शहाणं करून सोडते. सुताराच्या हातावरचे वण म्हणजे त्याची शाळा. इथं ओरखडा नाही. पहिल्या चुकीला दुसरी संधी नाही. अकराव्यांदा नुसता हात घसरतो आणि व्हिडिओ अपलोड करायला कुणी उरत नाही. वाचलेल्यांचे व्हिडिओ तेवढे आपल्याला दिसतात.

बाहेरच्या देशांत हे आधी घडून गेलंय, म्हणून सांगता येतं. अमेरिकेत लाकडाचं कातकाम करणाऱ्यांची मोठी संघटना आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स. ही माणसं लेथवर, धारदार पटाशी हातात धरून काम करणारी. ती काही घाबरट नाहीत. त्यांनी या प्रकाराला आपल्या कार्यक्रमांत बंदी घातली, आपल्या प्रकाशनांत त्याला जागा द्यायची नाही असं ठरवलं, आणि याच्या तीसहून जास्त मृत्यूंची नोंद केली. त्यांत नवखे होते तसे विजेचं काम जाणणारेही होते. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅरेथॉन काउंटीत एका घराला आग लागली, आत दोघं जण मरण पावलेले सापडले. वाटलं आगीनं गेले. तपासात निघालं, की आधी शॉकनं गेले, आणि आगही त्याच यंत्रानं लागली.

त्याच वर्षी आणखी एक प्रकार झाला. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन रीअर्डन यांनी आपल्या यूट्यूब चॅनलवर 'हे करू नका, लोक मेलेत' असं सांगणारा व्हिडिओ टाकला. यूट्यूबनं काढला कुठला? इशारा देणारा! धोकादायक कृती म्हणून. गाजावाजा झाल्यावर परत लावला. त्यामुळं कंपनीचं मशीन आपल्या पोरांना वाचवील या भ्रमात राहू नका. मशीनला फक्त किती जणांनी बघितलं तेवढं कळतं.

आणि मशीनला कशाला बोल लावू? मी काय वेगळं केलं? सुंदर दिसलं, टाकलं. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. कुणी केलं, कुठं, कसं, हे प्रश्न आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. रील टाकताना त्यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. माझी चूक आहे. ती रील काढून टाकलीय.

पण त्याहून जुनी एक चूक आहे, आणि ती आमच्या सगळ्या धंद्याची आहे.

शॉकच्या बातम्यांचं आमचं एक पंचांग असतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४३ च्या पुढं गेला की कूलरमध्ये पाणी भरताना. पावसाळ्यात शेतातल्या मोटारीचं बटण दाबताना, नाही तर तुटलेल्या तारेवर पाय पडून. गणपतीत, नवरात्रात मंडपाची लायटिंग करताना. बातमी ठरलेली असते : 'विजेचा धक्का लागून तरुणाचा मृत्यू.' नाव, वय, पत्ता, डॉक्टरांनी मृत घोषित केले, सिव्हिल पोलीस चौकीत नोंद. चार ओळी. अशा किती बातम्या मी लिहिल्या याचा हिशेब नाही. पण कूलरला अर्थिंग होतं का, ईएलसीबी होती का, मोटारीच्या पेटीत फ्यूजऐवजी कसली तार गुंडाळलेली होती, हे मी त्या चार ओळींत कधी लिहिलं नाही. 'धक्का लागून' एवढ्या शब्दांत सगळं झाकून टाकलं. जणू धक्का आभाळातून आला.

देशात वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्यानं जातात, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी. रोजचे तीसहून जास्त. उद्या आपल्या पेठेत एखादं पोरगं या नक्षीपायी गेलं तर त्याचीही बातमी तीच होईल : 'घरात विद्युत उपकरण हाताळताना धक्का लागून.' शेजारच्या गल्लीत दुसरं पोरगं तसाच ट्रान्सफॉर्मर घेऊन बसलेलं असेल आणि त्याला त्या बातमीतून काहीही कळणार नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणं विजेच्या अपघातात माणूस किंवा जनावर दगावलं तर विद्युत निरीक्षकांना कळवायचं असतं आणि चौकशीची तरतूदही आहे. ती झाली का, कारण काय निघालं, हे विचारणं आमचं काम. इथून पुढं शॉकची बातमी लिहिताना 'कशामुळं' ही पाचवी ओळ मी लिहिणार. लिहिली नाही तर इथंच येऊन मला विचारा.

आता त्या पोराकडं परत येऊ. त्याला नुसतं 'करू नको' म्हणून आलो असतो तर तो माझ्यामागं केलंच असतं. त्यानं हे का हातात घेतलं ते ऐकलं. वडिलांच्या दुकानात काम कमी झालंय. लोक ऑनलाइन रेडिमेड टेबल मागवतात. याला असं काही करायचंय जे बाकीच्यांकडं नाही, फोटोत उठून दिसेल, पुण्या-मुंबईत विकलं जाईल. यात चूक काय आहे? पोटाचा प्रश्न आहे आणि डोकं चालवलालाय. त्याला वेड्यात काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून दुसरे रस्ते सांगितले. लाकडावर जाळून नक्षी काढायची तर त्यासाठी तापणाऱ्या टोकाचं पेन मिळतं, पायरोग्राफीचं. चांगल्या कंपनीचं घ्यायचं, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर वापरायचं. बोट भाजेल, जीव जाणार नाही, आणि रेष आपल्या हातात राहते. तीच फांद्यांची नक्षी कोरून त्यात रंगीत रेझिन भरता येतं. लेझर कोरीव काम करून देणारे आहेत, त्यांच्याकडून करून घेता येतं. सावंतवाडीची लाकडी खेळणी लाखेच्या रंगावर आणि हातावर जगात गेली, त्यासाठी २,००० व्होल्ट लागले नाहीत. वडिलांच्या हातात चाळीस वर्षांची पटाशी आहे. ती शिक, तिचा व्हिडिओ कर, मी स्वतः शूट करून देतो.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो.

आई-वडिलांनो, घरात जुना ओव्हन सुटा करून ठेवलेला दिसला तर विचारा. या पोराच्या वडिलांना मी विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं भंगारात विकून चार पैसे करायला आणलाय." त्यांना काहीच माहीत नव्हतं.

भंगारवाल्यांनो आणि दुरुस्तीवाल्यांनो, कुणी पोरगं नुसता ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर मागायला आलं तर कशाला पाहिजे ते विचारा. उत्तर 'नक्षी' असेल तर देऊ नका. शे-दोनशे रुपये जातील, जाऊ द्या.

सरांनो, मॅडमांनो, विज्ञान प्रदर्शनात असलं मॉडेल कुणी आणू लागलं तर बक्षीस देऊ नका, बंद करा. 'मोठ्यांच्या देखरेखीखाली' हे वाक्य इथं चालत नाही. मोठेही यातच गेलेत.

आणि माझ्यासारख्या पेजवाल्यांनो, लाइकसाठी असली रील टाकू नका. टाकली असेल तर काढा आणि का काढली ते लिहा.

शेवटी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शाळेत शिकवलंय, की शॉक लागलेल्याला कोरड्या लाकडी काठीनं बाजूला करा. इथं ते करू नका. व्होल्टेज फार जास्त असतं आणि इथं लाकडातूनच वीज खेळत असते. माणसाला हात लावू नका, काठी लावू नका, यंत्राजवळही जाऊ नका. आधी घराचा मेन स्विच पाडा. वीज गेल्याची खात्री झाली की १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर वेळ न घालवता छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. उठून बसला, बोलू लागला तरी सिव्हिलला न्याच. आतलं भाजणं वरून दिसत नाही आणि हृदयाचा त्रास नंतरही होऊ शकतो.

सोमवारी निघताना मी पोराला म्हटलं, ओव्हन मला दे, मी भंगारात टाकतो. तो म्हणाला, "बघतो काका, दोन दिवसांत सांगतो." आज चौथा दिवस. ओव्हन अजून गोणपाटाखालीच आहे. संध्याकाळी परत जाणार आहे, या वेळी त्याच्या आईशी बोलणार आहे.

त्या रीलला तुम्ही बदाम दिले होते. या पोस्टला नाही दिले तरी चालेल. पण ज्याच्या हाताला कला आहे आणि फोनमध्ये असले व्हिडिओ आहेत, असं एक पोरगं तुमच्याही ओळखीत असेल. त्याला ही पाठवा, आणि पाठवून थांबू नका, घरी जाऊन बोला.

– शुक्रवार पेठ, सोलापूर